सहा मात्रांची नाताळरात्र

‘सायलेंट नाइट’ हे नाताळचे गाणे जोरात म्हटले की बिघडते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये, मॉलमधल्या स्पीकरवर, ड्रमच्या ठेक्यावर ते आपल्या कानावरून गेलेले असते. चाल बरी आहे, एवढेच लक्षात राहते. तेच गाणे एखादी गायिका एका गिटारच्या किंवा हार्मोनियमच्या साथीने, श्वास राखून आणि शेवटचा स्वर सावकाश सोडून म्हणते तेव्हा हातातले काम थांबते. शब्द कळले नाहीत तरी थांबते. यामागे केवळ भाव नाही. या गाण्याची बांधणीच तशी आहे, आणि ती समजून घ्यायला मराठी कानाला फार लांब जावे लागत नाही.

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या झरीसारख्या गावात नाताळ हा काही साऱ्या गावाचा सण नव्हे. परभणी जिल्ह्यात ख्रिस्ती कुटुंबे थोडीच. डिसेंबर म्हणजे इथे कापसाची वेचणी, वाळत आलेली तूर, पोटरीतली ज्वारी आणि बोचरी थंडी. परभणीचा पारा या दिवसांत कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. पण नाताळच्या कथेतले सगळे साहित्य या गावात हजर आहे. उतरायला जागा न मिळालेले जोडपे, गोठा, उघड्यावरची थंडी, आणि बाळाला निजवायला गुरांची गव्हाण. शहरातल्या मुलाला गव्हाण म्हणजे काय ते चित्र काढून दाखवावे लागते. झरीच्या मुलाने तिच्यात कडबा टाकलेला असतो. तिच्या कडा गुरांच्या माना घासून गुळगुळीत झालेल्या असतात, तळाशी चिपाडे साचलेली असतात, तिला शेणाचा आणि वैरणीचा मिसळलेला वास असतो, हे त्याला ठाऊक असते. नवजात बाळाला तिथे ठेवणे म्हणजे काय, हे त्याला निराळे समजावून सांगायला नको.

अशा जागी बाळाला निजवताना आई जे गाईल, ते हे गाणे आहे.

एक धर्मगुरू, एक मास्तर, एक गिटार

गाण्याचा जन्म ऑस्ट्रियातला. शब्द योजेफ मोर या तरुण कॅथलिक धर्मगुरूचे. १७९२ साली साल्झबुर्ग शहरात त्याचा जन्म झाला. आई विणकाम करून पोट भरणारी, बाप सैनिक. आईबापांचे लग्न झालेले नव्हते, त्यामुळे लहानपण हलाखीचे आणि मानहानीचे गेले. १८१६ साली मारियाफार या डोंगरी गावात नेमणुकीवर असताना त्याने सहा कडव्यांची ही कविता लिहिली. नेपोलियनची युद्धे नुकतीच संपली होती. साल्झबुर्गचा मुलूख या हातातून त्या हातात जात होता. त्याच्या आदल्या वर्षी इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता, आणि त्याच्या राखेने १८१६ साली युरोपात उन्हाळाच पडला नाही. पिके बुडाली, धान्य महागले. शांततेची आस धरणारे हे शब्द अशा वर्षातले आहेत.

पुढच्याच वर्षी मोर ओबेरन्डॉर्फ या नदीकाठच्या गावी बदलून आला. शेजारच्या आर्न्सडॉर्फमध्ये फ्रान्झ झावर ग्रुबर नावाचे शाळामास्तर होते. विणकराच्या घरात वाढलेले हे गृहस्थ शाळा सांभाळून चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. २४ डिसेंबर १८१८ या दिवशी मोरने आपली कविता त्यांच्या हाती दिली. दोन गाणारे, एक गिटार आणि साथीला समूह, अशी चाल बांधून द्या, ही त्याची विनंती. ग्रुबरनी ती त्याच दिवशी बांधली आणि त्याच रात्री सेंट निकोलस चर्चमध्ये ते गाणे झाले. मोरने गिटार वाजवत वरचा आवाज लावला, ग्रुबर खालच्या आवाजात गायले, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटच्या ओळी समूहाने उचलल्या.

चर्चचा ऑर्गन उंदरांनी कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. ती मागाहून जोडलेली आहे. पण गिटार होती हे खरे, आणि तिच्यामुळे गाण्याचा स्वभाव ठरला. ऑर्गनचा आवाज सगळी इमारत भरून टाकतो, गाणाऱ्याला त्याच्या बरोबरीने आवाज चढवावा लागतो. त्या काळची गिटार लहान आणि आतड्याच्या तारांची. तिची तार छेडली की नाद क्षणात विरतो. तिच्यावर आवाज चढवला तर साथच ऐकू येत नाही. म्हणजे हळू गाणे ही या गीताची नंतर पडलेली तऱ्हा नाही. पहिल्या रात्रीपासून ते तसेच आहे.

दादऱ्यातला पाळणा

आता चाल जवळून पाहू. पाश्चात्त्य पद्धतीत ती सहा-आठच्या मापात लिहिली जाते. एका मापात सहा ठोके, तीन-तीनच्या दोन गटांत. आपला दादरा ताल नेमका हाच आहे. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन विभाग, पहिलीवर सम आणि चौथीवर खाली. पाळण्याच्या झोक्याला एक जाणे आणि एक येणे असते. दादऱ्याचे दोन विभाग त्या जाण्यायेण्यावर बरोबर बसतात. म्हणूनच आपले कितीतरी पाळणे आणि हलकी गीते या तालात चालतात.

हार्मोनियम समोर घ्या आणि षड्ज धरा. पहिले आवर्तन असे आहे. पंचमावर दीड मात्रा, धैवताला अर्धी, परत पंचम एक मात्रा, आणि मग गांधारावर तीन मात्रांचा मुक्काम. स्वर थोडा वर उचलला जातो, जागेवर येतो आणि खाली टेकतो. दुसरे आवर्तन अगदी तेच. आजच्या प्रचलित चालीत एक कडवे बारा आवर्तनांत संपते, आणि त्यांपैकी चार आवर्तने याच स्वरवाक्याची आहेत. बाळाला निजवताना आई नवी नवी करामत करत नाही. तीच ओळ, तोच हेल, पुन्हा तोच हेल. पुढे काय येणार हे बाळाला कळू लागते आणि त्या कळण्यातच त्याला स्वस्थता मिळते. ग्रुबरनी हे बरोबर ओळखले होते. ते बारा मुलांचे बाप झाले, त्यांतली थोडीच जगली, ही गोष्टही या ठिकाणी आठवते.

सगळे स्वर शुद्ध. बिलावल थाटाबाहेर चाल एकदाही जात नाही. साथीला तीन कॉर्ड पुरतात. इतके सोपे असूनही गाणे गायला मात्र अवघड आहे, आणि ती अवघड जागा नवव्या आवर्तनात येते. तोवर चाल तार सप्तकातल्या रिषभापर्यंत जाऊन परतलेली असते. इथे ती एकदम तार मध्यमावर चढते, आणि लगेच उतरत उतरत बाराव्या आवर्तनात मध्य सप्तकाच्या षड्जावर येऊन थांबते. दीड सप्तकाच्या आसपासचा हा पल्ला शेवटच्या चार आवर्तनांत पार करायचा असतो. तार मध्यम मोठ्या आवाजात लावणे सोपे, पोटातून जोर दिला की लागतो. पण नेमके इथेच शब्द बाळाला निजायला सांगत असतात. तिथे आरोळी निघाली की सगळे ओम् फस्. त्या एका स्वरावर गाणाऱ्याची तयारी कळते.

हळू गाण्याला कमी ताकद लागते, हा समज चुकीचा आहे. स्वर मोठा लावला की हवेचा दाबच तो धरून ठेवतो. स्वर बारीक केला की हवेचा झोत कमी होतो, आणि स्वरतंतू तितक्याच नेमकेपणाने एकमेकांना भिडले नाहीत तर आवाज फाटतो, किंवा नुसती हवा ऐकू येते. त्यामुळे छातीचा पिंजरा उघडा ठेवून श्वास कणाकणाने खर्चावा लागतो. आपल्याकडे पहाटे खर्जाचा रियाज करतात, त्यात हेच साधते. गाणाऱ्याने पट्टीही विचारपूर्वक निवडावी. पाश्चात्त्य गीतपुस्तकांत हे गाणे बहुधा काळी पाच किंवा पांढरी एकला षड्ज धरून छापलेले असते. वरचा मध्यम सहज, न ताणता लागेल तीच आपली पट्टी.

माइकने काय केले

ओबेरन्डॉर्फचे गाणे जगात गेले ते गाणाऱ्या कुटुंबांच्या तोंडून. ऑर्गनची दुरुस्ती करणारे कार्ल माउराखर ते झिलरटाल खोऱ्यात घेऊन गेले. तिथल्या स्ट्रासर कुटुंबाचा हातमोज्यांचा व्यापार होता. बाजाराच्या निमित्ताने ते जर्मनीतल्या लाइपझिगला जात आणि तिथे गात. रायनर कुटुंबाने १८३९ साली न्यूयॉर्कमध्ये ते गायले. इंग्रजीतला प्रचलित अनुवाद जॉन फ्रीमन यंग यांचा, १८५९ सालचा. आज सुमारे ३०० भाषांत आणि बोलींत ते गायले जाते. २०११ साली ऑस्ट्रियाने त्याची नोंद युनेस्कोच्या करारानुसार ठेवलेल्या आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत केली.

१९१४ च्या नाताळात पश्चिम आघाडीवर जर्मन आणि ब्रिटिश सैनिक खंदकांत समोरासमोर होते. कित्येक ठिकाणी त्या रात्री गोळीबार आपोआप थांबला आणि जर्मन बाजूने हे गाणे ऐकू आले. आपली गढवाल रायफल्सची तुकडीही तेव्हा तिथल्या खंदकांत होती, आणि तिच्या जवानांनी खंदकातून बाहेर येऊन जर्मन सैनिकांची भेट घेतली होती. दोन्ही बाजूंना चाल ठाऊक होती. तिच्यात कूच करायचा ठेका नाही, विजयाची ललकारी नाही. शत्रूच्या तोंडून ऐकतानाही तिची भीती वाटत नाही.

पण ‘एक गायक आणि त्याचे हळुवार गाणे’ हे रूप घरोघरी पोचवले ते माइकने. १९२५ च्या आधी ध्वनिमुद्रण कर्ण्यात होत असे. गायकाने कर्ण्यासमोर तोंड धरून जोरात गायचे, त्या आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर खाच पडायची. कुजबुज त्या यंत्राला ऐकूच येत नसे. १९२५ मध्ये विजेच्या माइकने मुद्रण सुरू झाले आणि ओठांजवळचा श्वासही तबकडीवर उतरू लागला. अमेरिकेतल्या बिंग क्रॉस्बी यांनी गाण्याची नवी रीत याच सोयीवर बसवली. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावे तसे गायचे. १९३५ साली त्यांनी ‘सायलेंट नाइट’ ध्वनिमुद्रित केले आणि ते अफाट खपले. भक्तिगीताचे पैसे घ्यायचे नाहीत म्हणून त्यांनी त्याची मिळकत धर्मादाय कामाला दिली. पुढे गॉस्पेल गायिका महेलिया जॅक्सन यांनी हेच गाणे अतिशय संथ लयीत गाऊन त्याला निराळी खोली दिली. चर्चच्या घुमटाखालचे गाणे अशा रीतीने परत घरात, एका कानाजवळ आले. मुळात ते तिथलेच होते.

पाळणागीत परक्या भाषेतही ओळखू येते, याला आता अभ्यासाचा आधार आहे. हार्वर्ड विद्यापीठातले सॅम्युएल मेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला. जगातल्या ८६ लहान समाजांतल्या गाण्यांचे १४ सेकंदांचे तुकडे त्यांनी ६० देशांतल्या ७५० लोकांना ऐकवले. ना भाषा ओळखीची, ना संस्कृती. तरीही कोणते गाणे नाचाचे आणि कोणते बाळाला निजवायचे, हे ऐकणाऱ्यांनी बहुतांशी बरोबर सांगितले. त्याच गटाच्या पुढच्या अभ्यासात, परक्या भाषेतली पाळणागीते ऐकून अमेरिकेतल्या तान्ह्या मुलांच्या हृदयाचे ठोके इतर गाण्यांच्या तुलनेत मंदावले. मंद लय, लहान लहान हेल आणि तेच तेच परत म्हणणे ही या गाण्यांची लक्षणे. ग्रुबरच्या चालीत ती सगळी आहेत.

मराठीतला नाताळ

नाताळची कथा मराठीत गायला आपण इंग्रजी गाण्यांची वाट पाहिली नव्हती. मोरने कविता लिहिली त्याच्या बरोबर २०० वर्षे आधी, १६१६ साली, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले आणि सुमारे ११ हजार ओव्यांत त्यांनी बायबलची कथा मराठीत सांगितली. ज्ञानदेवांचा, एकनाथांचा ओवी छंद बेथलेहेमच्या बाळाच्या कामी आला. तो छंदच मुळात आवाज न चढवता, एका लयीत पुढे नेण्याचा.

पुढचे मोठे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे, फुलांमुलांचे कवी म्हणून मराठी वाचकाला शाळेपासून माहीत असलेले. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी त्यांचा जन्म. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. मिशनच्या प्रार्थनेत तेव्हा पाश्चात्त्य चालींवर बसवलेली मराठी गीते बरीच होती. अक्षरे मराठी, पण आघात भलत्याच जागी, अशी त्यांची अवस्था. टिळकांनी शेकडो मराठी गीते, अभंग आणि भजने लिहिली आणि कीर्तनाची रीत ख्रिस्ती मेळाव्यात रुजवली. तुकोबांच्या अभंगांवरून चालत आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानत. त्यांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य १९१९ साली त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केले. ज्यांना लग्नानंतर अक्षरओळख झाली, त्या ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाईंनी. मराठी चर्चमधल्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात आजही परक्या चाली आणि देशी चाली शेजारी शेजारी नांदतात.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. आपल्या भागातल्या मराठी ख्रिस्ती उपासनेच्या जुन्या खुणांपैकी ही एक मोठी खूण आहे.

आणि बाळाला देव मानून त्याला निजवणे, ही तर मराठवाड्याच्या अंगवळणी पडलेली भक्ती. रामनवमीला दुपारी बारा वाजता आणि गोकुळाष्टमीला मध्यरात्री पाळणा हलतो. दोरीला हात लावायला बायांची झुंबड उडते. घरच्या बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, मग पाळणा सुरू होतो. त्यात पहिल्या दिवसाचे कडवे, दुसऱ्या दिवसाचे कडवे असे करत बाराव्या दिवसापर्यंत जातात. बारा कडवी संपेस्तोवर आवाज कोणी चढवत नाही, कारण पाळण्यात खरेच बाळ असते. परभणी जिल्ह्यातले गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. दळणकांडण करताना देवाशी बोलणारी जनाबाई त्याच्याशी कधी लेकरू होऊन बोलते, कधी आई होऊन. जिथे देवाला इतक्या जवळून हाक मारतात, तिथे गव्हाणीतल्या बाळाचे अंगाईगीत परके वाटायचे कारण नाही.

म्हणून माझे सांगणे सरळ आहे. गावातल्या शाळेत नाताळ साजरा करायचा असेल तर लाल टोप्या आणि मोठा स्पीकर बाजूला ठेवावा. तबला आणि हार्मोनियम घ्यावे, दादरा विलंबित लावावा, पोरांकडून आधी आपला एखादा पाळणा म्हणून घ्यावा आणि त्याच लयीत, त्याच आवाजात हे गाणे शिकवावे. संगीताच्या तासाला दोन परंपरा इतक्या सहज शेजारी बसण्याची संधी फार वेळा मिळत नाही.

दुसरे सांगणे अधिक निकडीचे आहे. हे गाणे जगभर पोचले, पण मोर आणि ग्रुबर यांची नावे मागेच राहिली. छापील प्रतींवर ते लोकगीत म्हणून जाई, कुणी ते हायडनच्या नावावर टाकी. १८५४ साली बर्लिनच्या राजदरबारातल्या वाद्यवृंदाकडून विचारणा झाली, तेव्हा ग्रुबरनी गाण्याच्या जन्माची हकीकत स्वतः लिहून काढली. मोर १८४८ मध्येच गरिबीत वारला होता. त्याच्या हातची प्रत थेट १९९५ मध्ये सापडली, आणि तिच्यावर शब्दांचे साल १८१६ आणि चाल बांधणाऱ्याचे नाव, दोन्ही होते. एका कागदाने शंभर-दीडशे वर्षांचा घोळ मिटला.

आपल्या पाळण्यांना तो कागदही नाही. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्यांत परभणी जिल्ह्यातल्या बायकांचे आवाज आहेत, हे आपले भाग्य. पाळण्यांसाठी एवढे मोठे काम व्हायचे आहे, आणि त्याला आता कर्णा लागत नाही. खिशातल्या फोनला हळू आवाज चांगला ऐकू येतो. झरीत, जिंतुरात, गंगाखेडात ज्या आजीला बाराही कडवी येतात, तिच्याजवळ बसून ती मुद्रित करावीत. सोबत तिचे नाव, तिचे माहेर, आणि ती कुणाकडून शिकली ते लिहावे. तार मध्यमावर तिचा आवाज कापला तर कापू द्यावा. नाव आणि आवाज दोन्ही राहिले म्हणजे पुढच्या माणसाला ते गाणे गाताही येईल, आणि ते कुणाचे आहे हे सांगताही येईल.